‘हलकं खा, आराम करा’ हा सल्ला साठीनंतर का चुकतो

साठी उलटली की घरातली भाषा बदलते. ‘आता दगदग नको’, ‘रात्री हलकंच घ्या’, ‘तुम्ही बसा, मी देते आणून’. बोलणाऱ्याचा जीव असतो म्हणूनच तो बोलतो. म्हातारं माणूसही ते मानून घेतं: ‘माका आता काय व्हया? वायच पेज आणि लोणच्याची फोड, झाला.’ गेल्या पस्तीसेक वर्षांत अमेरिका, फिनलंड, स्पेन, ब्राझील, जपान, चीन अशा अगदी वेगवेगळ्या देशांत वृद्धांच्या आहारावर आणि हालचालीवर मोठं काम झालं. ते पाहिल्यावर एवढं ठामपणे म्हणता येतं की हा सल्ला प्रेमाचा असला तरी नुकसान करणारा आहे. साठीनंतर ताटातलं प्रोटीन वाढवावं लागतं आणि पायांना कामही वाढवून द्यावं लागतं. दोन्ही बरोबरच, नुसत्या एकाने भागत नाही.

कोकणात हा प्रश्न जास्त टोकदार आहे. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली, सिंधुदुर्गाचीही घटली. तरुण मुंबई-पुण्याला गेले, मागे वाडीत म्हातारा-म्हातारी उरली, आणि कित्येक घरांत तर एकटी म्हातारीच. २०११च्या जनगणनेत रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, त्याचं कारणही हेच. अशा घरात रात्री न्हाणीत पाय घसरला तर उचलायला शेजारच्या वाडीतून माणूस यावा लागतो. म्हणून इथे तब्येतीचा पहिला निकष कोलेस्टेरॉलचा आकडा नाही. जमिनीवरून आपलं आपण उठता येतं का, हा आहे.

स्नायू का झिजतात

स्नायू म्हणजे बांधून ठेवलेली भिंत नव्हे. शरीर तो रोज थोडा मोडतं आणि रोज थोडा बांधतं. बांधकाम सुरू व्हायला दोन हाका लागतात: रक्तात आलेलं प्रोटीन आणि स्नायूवर पडलेला भार. तरुण शरीराला या हाका हळू मारल्या तरी ऐकू येतात. वय वाढलं की शरीराचे हे कान जड होतात. तरुण माणसाला एका जेवणात शरीराच्या दर किलो वजनामागे पाव ग्रॅम प्रोटीन पुरतं, तिथे म्हाताऱ्या माणसाला साधारण ०.४ ग्रॅम लागतं. म्हणजे ५० किलोच्या बाईला एका जेवणात २० ग्रॅम, ६५ किलोच्या पुरुषाला २५-२६ ग्रॅम. त्यापेक्षा फार कमी आलं तर मोडकाम चालू राहतं आणि बांधकाम अर्धवट राहतं. पन्नाशीनंतर स्नायू वर्षाला साधारण १ टक्का घटतो. ताकद त्याहून वेगाने घटते.

आजारपणात हाच हिशेब भयंकर होतो. २००७ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला. सरासरी ६७ वर्षांच्या ११ निरोगी माणसांना दहा दिवस अंथरुणावर ठेवलं, जेवण नेहमीसारखं दिलं. दहा दिवसांत त्यांच्या पायांतलं जवळजवळ एक किलो मांस गेलं आणि पायांची ताकद सुमारे १६ टक्क्यांनी उतरली. ही धडधाकट माणसं होती. आपल्याकडे पावसाळ्यात ताप येतो, आठवडाभर पेज आणि गोधडी चालते, ताप उतरतो, पण आजी पूर्वीसारखी उभी राहत नाही. ‘तापाने खाल्लं’ म्हणतात. तापाने थोडं खाल्लेलं असतं. बाकीचं अंथरुणाने आणि नुसत्या पेजेने. ताप असतानाही दिवसातून चार-पाच वेळा उठवून खुर्चीत बसवणं, धरून ओटीपर्यंत नेऊन आणणं, आणि पेजेत अंडं किंवा मुगाची डाळ घालणं, एवढ्यानेही बराच फरक पडतो.

उलट बाजूही तितकीच पक्की आहे. १९९० साली बोस्टनच्या एका वृद्धनिवासात मारिया फियाटारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना आठ आठवडे मांडीसाठी वजन उचलण्याचा व्यायाम दिला. ज्यांनी तो पुरा केला त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. पुढे १९९४ मध्ये सरासरी ८७ वर्षांच्या १०० जणांवर मोठा अभ्यास झाला. त्यात काहींना फक्त पोषक पेय दिलं, काहींना फक्त व्यायाम, काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही. व्यायाम करणाऱ्यांची ताकद दुपटीच्या वर गेली. नुसतं पेय घेणाऱ्यांचे पाय होते तिथेच राहिले. पेयाने पोट भरल्यावर ते जेवणच कमी करत होते. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून चाकरमानी मुलगा हजार रुपयांचा पावडरचा डबा आणून ठेवतो आणि बाबा दिवसभर टीव्हीसमोर बसतात, त्या घरात नेमकं हेच घडतं.

घरच्या घरी दोन चाचण्या

पहिलीला फक्त आपले दोन हात लागतात. जपानमध्ये काशिवा शहरातल्या वृद्धांवर ती तपासली गेली. खुर्चीत बसायचं, गुडघा काटकोनात, पाऊल जमिनीवर. दोन्ही हातांचे अंगठे एकमेकांना आणि तर्जन्या एकमेकींना लावून कडं करायचं आणि ते पोटरीच्या सर्वांत जाड भागाला घालायचं. बोटं एकमेकांना पोचतच नाहीत, तर पोटरी भरलेली आहे. नेमकं बसतं, तर लक्ष ठेवा. कडं पोटरीभोवती सैल फिरतं, मध्ये फट दिसते, तर स्नायू झिजल्याचा दाट संशय. पायांवर सूज असेल तर ही चाचणी फसवते, कारण पाणी भरलेली पोटरीही जाड दिसते. अंगठ्याने नडगीवर दाबून पाच सेकंद धरा. खळगा राहिला तर सूज आहे.

दुसरी चाचणी खुर्चीची. साधारण १७ इंच म्हणजे ४३ सेंटिमीटर उंचीची, हात नसलेली लाकडी खुर्ची घ्या आणि तिची पाठ भिंतीला टेकवा. प्लास्टिकची खुर्ची घेऊ नका, टाइल्सवर ती मागे सरकते आणि चाचणी घेताना माणूस पडतो. दोन्ही हात छातीवर दुमडायचे आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून परत बसता येतं ते मोजायचं. मोजणाऱ्याने बाजूला उभं राहायचं. अमेरिकेत पडण्याचा धोका ओळखायला वापरतात त्या कोष्टकाप्रमाणे ६५ ते ६९ वयात पुरुषाला १२ आणि बाईला ११ वेळा जमायला हवं; ७० ते ७४ मध्ये १२ आणि १०; ७५ ते ७९ मध्ये ११ आणि १०; ८० ते ८४ मध्ये १० आणि ९. त्याखाली आकडा आला तर पडण्याचा धोका वाढलेला आहे. हाताने रेटा दिल्याशिवाय एकदाही उठता येत नसेल तर शून्य लिहा आणि काम आजपासून सुरू करा.

आकडा कॅलेंडरवर तारखेसह लिहून ठेवावा. तीन महिन्यांनी पुन्हा मोजायचा. शुगरचा रिपोर्ट जपून ठेवतो तसाच हाही जपायचा.

ताटाचा हिशेब

कोकणातल्या सत्तरीच्या एखाद्या आजीचं रोजचं खाणं जवळून पाहू. वजन ५० किलो. सकाळी चहा आणि दोन टोस्ट: ४ ग्रॅम प्रोटीन. दहा वाजता वाडगाभर पेज आणि लोणचं: २ ग्रॅम. दुपारी दोन वाट्या भात, ५ ग्रॅम. वर माशाचं सार. तुकडा मात्र नातवाच्या किंवा आजोबांच्या ताटात जातो, आपल्या वाट्याला शेपटीकडचा छोटा, तो ६ ग्रॅम. संध्याकाळचा चहा दीड ग्रॅम. रात्री ताक-भात, सहाएक ग्रॅम. बेरीज २५ ग्रॅमच्या आसपास येते. वृद्धांसाठी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०१३ मध्ये सुचवलेलं प्रमाण दर किलो वजनामागे १ ते १.२ ग्रॅम आहे, म्हणजे आजीला ५० ते ६० ग्रॅम हवं. पोट भरलेलं आहे, ढेकरही येतो, आणि शरीराला निम्मंच मिळालंय. आजीला स्वतःलाही हे कळत नाही, कारण भूक लागलेलीच नसते.

आता हेच ताट, याच बाजारातलं सामान घेऊन दुरुस्त करू. सकाळी नाचणीची आंबील, ३० ग्रॅम पीठ आणि पेलाभर दूध घालून: साडेआठ ग्रॅम. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, ते हाडांना वेगळं. पेज हवीच असेल तर राहू दे, पण सोबत लोणच्याऐवजी वाटीभर चवळीची किंवा काळ्या वाटाण्याची उसळ: ९ ग्रॅम. दुपारी भाताबरोबर एक अख्खा मध्यम बांगडा आजीच्या ताटात: भातासकट २२ ग्रॅम. चार वाजता मूठभर भाजलेले शेंगदाणे आणि चहा: ७ ग्रॅम. दातांना त्रास असेल तर शेंगदाण्याचं कूट गुळात कालवून. रात्री कुळथाचं पिठलं, एक भाकरी आणि वाटीभर दही: १५ ग्रॅम. बेरीज ६० च्या घरात जाते. कुळीथ १०० ग्रॅमला २२ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन देतो. गरिबाचं म्हणून त्याला कमी लेखलं गेलं, पण म्हातारपणी त्याच्याइतकी स्वस्त आणि चावायला सोपी गोष्ट दुसरी नाही. पिठलं पातळ केलं की मात्र वाटीत पीठ १५ ग्रॅमच येतं. आजीच्या वाटणीला ३० ते ३५ ग्रॅम, म्हणजे चार सपाट मोठे चमचे पीठ जायला हवं. वरणाचंही तसंच: घट्ट वरणाच्या वाटीत ६-७ ग्रॅम, पाणीदार वरणात जेमतेम तीन.

मासे न खाणाऱ्या घरांत, आणि श्रावणात तर बहुतेक घरांतच, बांगड्याची जागा कोणी घेत नाही. भाजी वाढते, प्रोटीन घटतं. त्या दिवसांत दुपारी वालाचं बिरडं दीड वाटी किंवा पनीर ५० ग्रॅम, आणि रात्री दह्याची वाटी न चुकता. उपासाच्या दिवशी साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. उपास सोडायचा नसेल तर दूध, दही, शेंगदाणे, राजगिरा यांवर भर द्यावा. आठवड्यात दोन-तीन उपास करणाऱ्या पंचाहत्तरीच्या बाईने ते एकावर आणले तर बरं.

मूत्रपिंडाचा आजार असेल, क्रिएटिनिन वाढलेलं असेल, तर प्रोटीन वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे. तिथे हाच हिशेब उलटा पडू शकतो.

दातांचं एक राहतंच. जपानने १९८९ मध्ये मोहीम सुरू केली: ऐंशीव्या वर्षी स्वतःचे वीस दात. कारण साधं आहे. चावता आलं नाही की माणूस मऊ खाण्याकडे वळतो, आणि मऊ म्हणजे भात, पेज, बिस्किट. आपल्याकडे मिश्रीने हिरड्या गेलेल्या आज्या घरोघर आहेत. कवळी बसवून घ्यायला सत्तरी हे उशिराचं वय नाही. ती सैल झाली की हिरडी सोलवटते आणि माणूस ती काढून ठेवतो. तेव्हा ती पुन्हा बसवून घ्यावी लागते. तोवर मासा काटे काढून कुस्करून द्या, अंडं भुर्जी करून द्या, पण वगळू नका.

जपानकडून काय घ्यायचं आणि काय नाही

भात, मासे, समुद्र. कोकण आणि जपान यांची तुलना कोणालाही सुचेल. ओकिनावाचं नाव घेऊन ‘पोट ऐंशी टक्के भरा’ हा मंत्र मोबाइलवर फिरत असतो. तो चाळिशीतल्या सुटलेल्या पोटाला ठीक आहे. आधीच दोन घास खाणाऱ्या आजोबांनी तो पाळला तर वजन उतरतं, आणि सत्तरीनंतर न ठरवता उतरलेलं वजन ही धोक्याची खूण आहे. सहा महिने ते वर्षभरात ५ टक्के, म्हणजे ६० किलोचे ५७ झाले, बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या, लेंग्याची नाडी आणखी आवळावी लागली, तर ‘बरं झालं, बारीक झाले’ न म्हणता तपासणी करावी.

शिवाय ओकिनावाची जुनी माणसं भातावर जगत नव्हती. १९५० च्या आसपासपर्यंत त्यांच्या पोटात जाणाऱ्या उष्मांकांचा मोठा वाटा रताळ्यांचा होता, आणि शेतातलं काम दिवसभराचं. युद्धानंतर खाणं बदललं, गाड्या आल्या. २००० साली ओकिनावाच्या पुरुषांचं आयुर्मान जपानच्या ४७ प्रांतांत २६ व्या क्रमांकावर घसरलं आणि तिथे मोठा धक्का बसला. माती तीच, रक्त तेच. बदललं ते ताट आणि चालणं. कोकणी माणूस मुळातच काटक म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावं.

जपानकडून खरोखर घ्यायची गोष्ट वेगळीच आहे: मीठ. उत्तर जपानात, विशेषतः आकितामध्ये, खारवलेले मासे, लोणची आणि खारट सूप यांतून माणसं दिवसाला २० ग्रॅमच्याही वर मीठ खात होती आणि पक्षाघाताने पटापट जात होती. साठच्या दशकापासून गावोगाव मीठ कमी करण्याची आणि रक्तदाब तपासण्याची मोहीम चालली. देशाचं मीठ हळूहळू निम्म्याच्या आसपास आलं आणि पक्षाघाताचे मृत्यू झपाट्याने घटले. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे एक सपाट छोटा चमचा. त्यात सगळं आलं: आमटीतलं, भाकरीतलं, लोणच्याचं, पापडाचं, सोलकढीचं. चमचाभर लोणच्यातच एक ग्रॅमहून जास्त मीठ जाऊ शकतं.

आपल्याकडे मिठाचा मोसम पावसाळा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी मासेमारी बंद असते, ताजं म्हावरं महागतं आणि फळीवरची सुकी मासळी खाली येते. इथे एक भेद नीट कळायला हवा. सुके बोंबील, जवळा, सोडे हे बहुधा मीठ न लावता नुसत्या उन्हात वाळवलेले असतात. खारा बांगडा, खारी मोरी, खारी सुरमई हे मिठात मुरवलेले. बीपीच्या माणसाला पहिला गट चालतो, आणि प्रोटीनसाठी तर उत्तमच; फक्त विकणाऱ्याला मीठ लावलंय का ते विचारावं आणि एक कण जिभेला लावून पाहावा. खारा मासा खायचाच असेल तर कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, पाणी फेका, पुन्हा भिजवा, पुन्हा फेका, आणि कालवणात वरून मीठ घालू नका. रोज नाही, आठवड्यातून एकदा. पावसात पायांवर सूज येते, दम लागतो, तेव्हा आदल्या तीन दिवसांत काय खाल्लं ते आठवून पाहिलं की बऱ्याचदा खारा तुकडा सापडतो.

चीनमध्ये ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार माणसांवर एक अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. ही माणसं पक्षाघात होऊन गेलेली, किंवा साठीच्या पुढची आणि बीपी असलेली होती. निम्म्या गावांत साध्या मिठाऐवजी ७५ टक्के सोडियमचं आणि २५ टक्के पोटॅशियमचं मीठ दिलं. पाचेक वर्षांत पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाले. आपल्याकडे हे ‘लो सोडियम’ नावाने मिळतं. पण मूत्रपिंड कमजोर असेल, किंवा बीपीच्या काही विशिष्ट गोळ्या चालू असतील, तर रक्तातलं पोटॅशियम धोकादायक वाढू शकतं. डॉक्टरांना गोळ्यांची पट्टी दाखवून मगच हे मीठ आणा. शहाळ्याच्या पाण्यालाही हीच अट.

स्पेनच्या मोठ्या अभ्यासात भूमध्य समुद्राकाठच्या पारंपरिक आहाराबरोबर ऑलिव्हचं तेल किंवा रोज ३० ग्रॅम सुकामेवा घेणाऱ्यांत हृदयविकार-पक्षाघात सुमारे ३० टक्क्यांनी कमी दिसले. त्यासाठी कोणी ऑलिव्हचं तेल मागवायची गरज नाही. शेंगदाणे, काजू, ओल्या काजूगरांची उसळ, डाळी आणि पालेभाज्या यांनी त्या ताटाचा बराच भाग इथेच जमतो. ओलं खोबरं चवीपुरतं, भाजी-आमटीत दोन चमचे, ठीक. वाटणाचे दोन-दोन नारळ रोज नकोत.

पाय, पाखाडी आणि पडवी

दहा हजार पावलांचा आकडा कुठून आला हे सांगायला हवं, कारण तो ऐकून पुष्कळ म्हातारी माणसं सुरुवातच करत नाहीत. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नावच ‘दहा हजार पावलांचं मीटर’. जाहिरातीतून तो आकडा जगभर गेला. प्रत्यक्ष मोजमापात साठीवरच्या माणसांचा मृत्यूचा धोका ६ ते ८ हजार पावलांपर्यंत उतरत जातो आणि पुढे सपाट होतो. सरासरी ७२ वर्षांच्या अमेरिकन बायकांच्या अभ्यासात तर २७०० वरून ४४०० पावलांवर गेल्यानेच मोठा फरक दिसला. जो अजिबात चालत नाही त्याने हजार वाढवली तरी सर्वांत जास्त फायदा त्यालाच.

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रम सांगते. मध्यम म्हणजे चालताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही. त्याशिवाय ताकदीचे व्यायाम आठवड्यातून दोन दिवस, आणि पासष्टीनंतर तोल आणि ताकद मिळून तीन दिवस. आपल्याकडे लोक पहिलं करतात आणि बाकीचं सोडून देतात. सपाट डांबरी रस्त्यावरून रोज तासभर फिरणाऱ्या आजोबांना पाटावरून उठता येत नाही, ते यामुळेच.

ताकदीसाठी चाचणीतलीच खुर्ची घ्या. पावलं खांद्याइतकी लांब आणि गुडघ्यांच्या किंचित मागे. नाक पायाच्या बोटांवर येईल इतकं पुढे वाकायचं, मग उठायचं. दोन आकडे मोजत वर, चार आकडे मोजत खाली. खाली येणंच महत्त्वाचं. धपकन बसलात तर निम्मा व्यायाम वाया. ८ ते १० वेळा, दोन मिनिटं विश्रांती, अशा तीन फेऱ्या, दिवसाआड. श्वास रोखू नका, उठताना सोडा. रोखला की बीपी उसळतं. गुडघे आत वळत असतील तर मांड्यांमध्ये उशी धरून करा. हातांशिवाय जमत नसेल तर खुर्चीवर दुमडलेली गोधडी घालून उंची वाढवा आणि दर आठवड्याला एक घडी काढत जा. दहा वेळा सहज जमू लागलं की दोन किलो तांदळाची पिशवी छातीशी धरा. इथेच बहुतेकांचं चुकतं: महिनाभर तेच तेवढंच करत राहतात आणि ताकद वाढत नाही. शेवटचे दोन कष्टाने जायला हवेत.

तोलासाठी पडवीचा खांब. खांबाला हात लावून टाचा उचला, पंधरा वेळा. मग एका पायावर उभं राहा, हात खांबाजवळ तयार ठेवून. ब्राझीलमध्ये क्लॉडिओ गिल अराउजो यांच्या गटाने ५१ ते ७५ वयाच्या १७०२ जणांना दहा सेकंद एका पायावर उभं राहायला सांगितलं. ज्यांना जमलं नाही त्यांच्यात पुढच्या सातेक वर्षांत मृत्यूचं प्रमाण बरंच जास्त होतं. तोल जाणं हे आतल्या अनेक गोष्टी ढासळल्याचं लक्षण असतं, म्हणून तो मोजावा आणि वाढवावा.

पाखाडी ही कोकणाने म्हाताऱ्या पायांना दिलेली व्यायामशाळाच आहे. चिऱ्याच्या पायऱ्या चढताना हृदय आणि मांड्या, उतरताना मांडीचा पुढचा भाग आणि तोल. आता बहुतेक वाड्यांत दारापर्यंत रिक्षा येते आणि देवळापर्यंतचाही रस्ता झाला. रिक्षा जरूर असावी, पण आठवड्यातून तीन दिवस देवळाची पाखाडी चढावी. गुडघा दुखत असेल तर चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. बहुतेक जण उलट धरतात आणि मग कंबर दुखते. हात सैल सोडल्यावर मनगटाची घडी जिथे येते, तेवढी काठीची उंची.

उकिडवं बसणं, पाटावर जेवणं, विळीवर चिरणं यांनी कंबर-गुडघ्यांचा पल्ला टिकतो. टांझानियातले हाडझा लोक दिवसाचे नऊ-दहा तास आरामातच घालवतात, पण बराच वेळ उकिडवे बसून, आणि त्या बसण्यात पायांचे स्नायू जागे असतात. गुडघे शाबूत असतील तर दिवसातून दोनदा तरी जमिनीवर बसून उठावं. झिजलेल्या गुडघ्याने किंवा बदललेल्या सांध्याने हे करू नये. त्यांनी कमोड आणि खुर्चीच वापरावी.

पडल्यावर उठण्याचीही एक रीत आहे, ती आधीच सतरंजीवर घोटावी. आधी थांबा, कुठे दुखतंय पाहा. कुशीवर वळा, कोपरावर रेटा देऊन चार पायांवर या, रांगत जड खुर्चीपर्यंत किंवा बाकापर्यंत जा, दोन्ही हात त्यावर ठेवा, चांगला पाय पुढे रोवा, वर या आणि वळून बसा. खुबा दुखत असेल किंवा पाय आखूड-वाकडा दिसत असेल तर हलू नका, हाक मारा. म्हणून मोबाइल कमरेला किंवा गळ्यात, फळीवर नाही.

चालण्याचा फायदा वयाच्या कोणत्या टोकापर्यंत? अमेरिकेत ७० ते ८९ वयाच्या १६३५ जणांवर अडीच वर्षांहून जास्त काळ अभ्यास झाला. नियमित चालणं, ताकद आणि तोल करणाऱ्यांत ३०.१ टक्के जणांची ४०० मीटर चालण्याची क्षमता गेली. फक्त आरोग्यावरची भाषणं ऐकणाऱ्यांत ३५.५ टक्के. फरक जादूचा नाही, पण खरा आहे. फिनलंडमध्ये ६० ते ७७ वयाच्या १२६० जणांत आहार, व्यायाम, मेंदूचं काम आणि बीपी-शुगरवर लक्ष हे सगळं दोन वर्षं एकत्र केलं, तेव्हा स्मरण आणि विचारशक्तीही जास्त चांगली राहिली.

गोळ्यांशी गाठ

ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड या शुगरच्या गोळ्या घेणाऱ्यांनी रिकाम्या पोटी लांब फिरू नये. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं झालं की तीन चमचे साखर पाण्यात लगेच. त्यांना जेवणानंतर पंधरा मिनिटं चालणं जास्त सोयीचं; दहा वृद्धांवरच्या एका लहान अभ्यासात रात्रीच्या जेवणानंतरची शुगर अशा चालण्याने चांगली आवरली. मेटफॉर्मिन ही शुगरचीच दुसरी गोळी वर्षानुवर्षं घेतली की बी-१२ जीवनसत्त्व कमी पडू शकतं. तळव्यांना मुंग्या आणि चालताना झोल ही त्याची लक्षणं, तपासणी रक्ताची. बीपीच्या गोळ्यांनी उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर पडून आणि मग उभं राहून, एक आणि तीन मिनिटांनी, बीपी मोजावं. वरचा आकडा २० ने उतरला तर गोळीची मात्रा किंवा वेळ डॉक्टरांकडून बदलून घ्यावी. गोळी परस्पर बंद करू नये. रात्री उठताना खाटेच्या कडेला मिनिटभर बसून घोटे हलवायचे, मग उभं राहायचं. चालताना छातीत दाब, जबडा-खांद्याकडे जाणारी कळ किंवा एकाएकी दम लागला तर तिथेच थांबून दवाखाना गाठायचा.

पाऊस

जून ते सप्टेंबर हे चार महिने कोकणातल्या म्हाताऱ्या पायांचे खरे शत्रू. बाहेर निघता येत नाही, खारं खाणं वाढतं, आणि निघालं तर चिऱ्यावर शेवाळ. चालणं पडवीत आणावं. पडवी ३० फूट असेल तर जाऊन-येऊन पन्नास फेऱ्यांत जवळजवळ ९०० मीटर होतात; खुंटीवर पन्नास मण्यांची माळ अडकवून मणी सरकवत मोजता येतं. वळताना एका पायावर गर्रकन फिरू नका, तीन-चार छोटी पावलं टाकत वळा. एप्रिल-मेमध्ये उलट: सकाळी आठच्या आत आटपावं, कारण दमट हवेत घाम सुकत नाही आणि अंग थंड होत नाही. वयाबरोबर तहान लागणंही मंदावतं, म्हणून पाणी घड्याळ पाहून प्यावं, दिवसाला सहा ते आठ पेले. हृदय किंवा मूत्रपिंडामुळे पाण्याला मर्यादा सांगितली असेल तर तेवढंच.

मे महिन्यात मुलं गावी आलेली असतात. शाकारणीची आणि लाकूडफाट्याची गडबड असते, त्याच यादीत एवढं बसवून घ्यावं. न्हाणीत आणि संडासात भिंतीला स्टीलची दांडी, बसलेल्या माणसाच्या हाताला येईल अशी एक आडवी आणि उभं राहताना धरायला एक उभी. स्क्रू चिऱ्यात सैल होतात, म्हणून आरपार बोल्ट किंवा सिमेंटमध्ये पुरलेली. खळ्यापासून पाखाडीपर्यंत एका बाजूला लोखंडी पाइपाचा कठडा. काठीच्या टोकाचं रबर झिजून गुळगुळीत झालं असेल तर नवं. पहिल्या पावसानंतर पंधरा दिवसांनी, आणि मग दर पंधरवड्याला, पायऱ्यांवर ब्लीचिंग पावडर टाकून अर्ध्या तासाने खराट्याने घासून काढायच्या. ते काम घरातल्या म्हाताऱ्याने करायचं नाही. त्यासाठी वाडीतल्या कोणाशी तरी आधीच बोलून, पैसे ठरवून, मगच मुंबईची गाडी पकडावी.